भरदुपारचा सुरुंग

सुई डोळ्यांसमोर धरायची, दोरा एका झटक्यात ओवला गेला तरच सुरुंगाला हात लावायचा, अशी आमच्या उस्तादाची तऱ्हा! मी चिडवायचो, "उस्ताद, आपण इहीर खणायलोत का गोधडी शिवायलोत?"

"डोस्कं जाग्यावर हाय का बघायलोय," तो म्हणायचा.

निजामाच्या अमदानीत पोखर्णीजवळ एका बड्या शेतकऱ्याची विहीर आम्ही दहाजण खोदत होतो. तुम्ही म्हणाल, कामाला सकाळ काय नि दुपार काय! पण माणसाचं डोकं सकाळी तेज असतं, जेवणानंतर मंदावतं, उन्हं कलली की पुन्हा तरतरीत होतं, असं उस्ताद छातीठोक सांगायचा. "दुपारी तू निस्ता उभा ऱ्हातूस, डोस्कं घरी असतंय," हे मला रोजचं. खोटं कशाला बोलू, खरंच होतं ते.

एकदा सकाळचा बार उडालाच नाही. बत्ती आत गेली आणि गप्प! असा सुरुंग म्हणजे साक्षात मरण. कुणीतरी खाली उतरून बारूद भिजवायलाच हवी. उस्तादानं बराच वेळ कुणाला जवळ फिरकू दिलं नाही. जेवणं उरकली आणि मालक आले.

"आत्ता उतरा! तालुक्याचे साहेब इहीर बघायला यायलेत."

उस्तादानं सुई काढली. तीनदा दोरा चुकला.

"मालक, ही येळ न्हाई. उन्हं कलली की उतरतो."

"मग चालता हो! दुसरा उतरंल."

मी मस्तीत पुढं झालो. उस्तादानं माझं मनगट पकडलं. "पोटुशी बायकू हाय तुजी. बस खाली!"

कुणीच उतरलं नाही. मालक शिव्या हासडत गेले. आणि काम गेलेला हा माणूस बाभळीखाली चक्क घोरायला लागला! असा राग आला मला!

उन्हं कलली तसा उठला, तोंडावर पाणी मारलं, पहिल्याच झटक्यात दोरा ओवला आणि उतरला. आता कोण लागत होती ती विहीर त्याची? आम्ही वरून जीव मुठीत धरून बघत होतो. काय ती बोटं चालत होती, वा! बारूद भिजवून वर आला, हातपाय धुतले, पालात जाऊन बोचकं उचललं आणि आपल्या बायकोला घेऊन सोनपेठच्या वाटेला लागला.

दुसऱ्या सकाळी आम्ही नवा बार उडवला आणि झरा असा फुटला म्हणता! आम्ही चिखलात नाचलो, आरोळ्या ठोकल्या. मी ओंजळ भरून वळलो, "उस्ताद, घ्या, पैली तुमची!"

मागं आमची सगळी माणसं होती. तेवढा तोच नव्हता.