डोळ्याखालची रेघ

किक मारायलाही वाहेदभाईंचे गुडघे आता नाही म्हणू लागले होते. तरी थंडी पडली की एकसष्ट वर्षांचा हा फोटोग्राफर अकोट-अंजनगाव रस्त्यावर हजर. खांबावर शिक्रा दिसला, तारेवर कापशी घार दिसली, की गाडी कडेला घ्यायची आणि सीटवरूनच फोटो काढायचा. उतरायचं नाही. गाडीला हे शिकारी पक्षी भीत नाहीत, पण माणसाचा पाय जमिनीला लागला की उडालेच. जाणारे-येणारे त्यांना जमीन मोजणीवाला समजायचे आणि आपापल्या धुऱ्या-बांधाचं गाऱ्हाणं सांगून जायचे.

अकरा हिवाळे असेच गेले. लग्नांच्या ऑर्डरी मोबाइलवाल्यांनी नेल्या आणि हे घारींमागे फिरतात, म्हणून बायको, अनीसा, करवादायची. वाहेदभाईंना उत्तर द्यायचाही कंटाळा आला होता. त्यांना एकच हवं होतं, जिल्ह्याच्या पक्ष्यांच्या यादीत आपल्या नावानं एक नोंद. तीही लग्गड ससाण्याची, जो बऱ्याच वर्षांत यादीत नोंदला गेला नव्हता.

आणि यंदा तो बसला होता की विजेच्या मोठ्या टॉवरवर! तांबूस डोकं, लांब पंख. वाहेदभाईंनी सीटवरूनच कॅमेरा उचलला. एक फोटो नीट आला, तेवढ्यात मागून एका ट्रकवाल्यानं कर्कश हॉर्न दिला, त्याचं भलं होवो, आणि पाखरू गेलं.

आपल्या फोटोच्या दुकानात येऊन त्यांनी फोटो कॉम्प्युटरवर घेतला. पस्तीस वर्षं नवऱ्या मुलींचे चेहरे साफ केलेला हात तो. त्याचा मालक गुडघा चोळत बसला होता, हातानं आपलं काम उरकून टाकलं. उजेड वाढवला, तारा पुसल्या, डोळ्याखालचं काळं काढलं. फोटो त्याच नावानं, मूळ फोटोवरच, सेव्ह झाला आणि यादीसाठी पाठवलाही गेला. दुसऱ्या दिवशी साखरपुड्याचं काम होतं, म्हणून कॅमेऱ्याचं कार्डही कोरं केलं.

तिसऱ्या दिवशी अकोल्याहून प्राजक्ताचा फोन आला. ती कॉलेजात शिकवायची आणि ही यादी सांभाळायची.

“काका, लग्गडच वाटते. पण डोळ्याखालून उतरते ती काळी रेघ कुठं गेली? तिच्यावरूनच तर त्याले ओळखतात. मूळ फोटो पाठवा ना.”

वाहेदभाईंनी कॉम्प्युटरवर फोटो उघडून पाहिला. “मूळ नाही राहिला, बेटा. रेघ म्याच पुसली असन. नवरीच्या डोळ्याखालचं पुसतो, तशी.”

 मग प्राजक्ता हळूच म्हणाली, “तुमी तर पाहिली होती ना? फक्त हो म्हणा. तुमच्या शब्दावर टाकते नोंद, तुमच्याच नावानं.”

हो म्हणायला कितीसा वेळ लागतो! अकरा वर्षांचा शीण एका शब्दात उतरला असता, आणि तो त्यांना उतरवायचा होता. डोळे मिटून त्यांनी टॉवर आठवला, डोकं आठवलं. पुन्हा एकदा आठवून पाहिलं. दर वेळी समोर आला तो दुकानात साफ केलेला चेहरा.

“पाहिलीच असन,” ते म्हणाले, “पण आता मले पुसलेलाच चेहरा दिसून राहिला. नको टाकू.”