गर्भाशय मोठ्यानं म्हणणाऱ्या बाई

अख्ख्या कोल्हापुरात ‘गर्भाशय’ हा शब्द आमच्या डॉक्टरीणबाईंइतका मोठ्यानं कुणी उच्चारला नसेल. बाहेर बाकावरच्या बायका पदर तोंडाला लावायच्या, सोबत आलेले नवरे चपला शोधायला लागायचे, आणि बाई आतून विचारायच्या, गुडघ्याचं नाव घेताना लाजता काय? शिवाय चित्र काढल्याशिवाय त्यांना बोलताच येत नसे. एकदा माझ्या सासूबाईंच्या एस.टी.च्या आरक्षण तिकिटामागं त्यांनी बीजांडकोश काढून दिला. कंडक्टर काय म्हणाला, ते सासूबाईंनी आजवर सांगितलेलं नाही.

माझे दोन गर्भ गेल्यावर तपासणीत कळलं, माझ्या गर्भाशयात जन्मापासून मधोमध पडदा आहे. त्या दिवशी गडहिंग्लजहून आई आली होती. ती खाली बघत म्हणाली, “ही पोटात असताना गिराण लागलंतं. मी इसरून भाजी चिरली.” तीस वर्षं तिनं हे कुणाला सांगितलं नव्हतं.

बाईंनी एक लग्नपत्रिका उलटी केली. दोन नळ्या काढल्या. मुलगी आईच्या पोटात घडत असताना या नळ्या जवळ येतात, जुळतात, मग मधली भिंत विरून एक पिशवी होते. कधी त्या नीट जुळत नाहीत, कधी भिंत तशीच राहते. कधी घराण्यातून येतं, क्वचित एखादं औषध बाधतं. पण बहुतेक वेळा कारण सापडतच नाही, हे त्यांनी जराही न लाजता कबूल केलं. ग्रहणाचा मात्र काही संबंध नाही.

“मग माझ्यामुळं न्हाय?” आईनं विचारलं.

“न्हाय, आक्का. तुमच्या हातनं काय बी झालेलं न्हाय.”

आई तिथंच रडली. बाई पेनाचं टोपण लावत आणि काढत बसून राहिल्या. पुढं छोट्या शस्त्रक्रियेनं पडदा काढला, आणि दीड वर्षानं माझी लेक झाली.

गेल्या महिन्यात बाईंनी दवाखाना बंद केला. कुरुंदवाडला भाच्याकडं निघाल्या होत्या. निरोप घ्यायला गेले, तर त्यांनी लेकीची शाळा, आईचे गुडघे, सासूबाईंचा दमा, सगळ्याची चौकशी केली. घरी परतताना रंकाळ्याच्या कडेला माझी पावलं मंदावली. इतक्या वर्षांत, बाई, तुम्ही कशा आहात, हे मी एकदाही विचारलं नव्हतं.