टायर पाहणारा माणूस

मेळघाटात जायचं तर आम्ही नेहमी नागपूरच्या महाल भागातल्या त्याच ड्रायव्हरला सांगत असू. जंगलात हॉर्न नाही, खाली उतरणं नाही, हे तो निघण्याआधीच बजावायचा. दर तासाला उतरून टायर पाहायचा, पण तेही जंगलाबाहेर. माझी बायको भूगोल शिकवायची. हा सगळा डोंगर ज्वालामुखीच्या लाव्हाचा, हे ती वळणावळणावर सांगे. तो म्हणे, "दगडाले काहून पाहून राहिल्या मॅडम? वाघ पाहा न."

या खेपेला मी एकटाच होतो. तिनं पूर्वी इथून उचललेला काळा दगड माझ्या मांडीवर होता. "तेवढा परत ठेवून या," असं ती शेवटच्या आजारात म्हणाली होती. मी ते त्याला सांगितलं. नियम ठाऊक होता, म्हणून गाडी थांबवायला सांगितलं नाही.

सेमाडोहच्या पुढं, भर जंगलात, त्यानं गाडी थांबवली. "टायर पाहून घेतो," म्हणाला आणि हात मागं केला. मी दगड दिला. त्यानं खरोखरच चारही टायर पाहिले. परतला तेव्हा हात रिकामे होते.

"हवा बरोबर हाय सर," तो म्हणाला. "मॅडमचा दगड कोणता, ते आता मलेबी सांगता येणार नाही. सारे सारखेच हायेत."