तुमच्यात माझं नाव हाय का?

आत्याबाईंना बसलेलं मी कित्येक वर्षं पाहिलंच नव्हतं. टेकलेलं पाहिलं होतं. बाजेच्या कडेवर अर्धं बूड आत, अर्धं बाहेर, चपला पायाच्या अंगठ्याला लागतील इतक्या जवळ, मांडीवर कापडी पिशवी आणि उजवा पाय सारखा हलता. चहासुद्धा त्या उंबऱ्याशी उभ्यानं प्यायच्या. घरात कुणी नवा माणूस आला, मग तो गॅसचं सिलिंडर आणणारा का असेना, त्याचं गाव कोणतं, घरात बोलता काय, एवढं विचारून झालं की पुढचा प्रश्न ठरलेला, "तुमच्यात माझं नाव हाय का?"

त्यांचं नाव मुसाफिर. म्हणजे बारशातलं नाव गोदावरी, पण त्या नावानं हाक मारली तर त्या वळूनही बघत नसत. माझ्या सासऱ्यांची ही धाकटी बहीण, माझी आतेसासू. सगळा गोतावळा तिला मुसाफिर आत्या म्हणायचा.

नावाची गोष्ट त्या स्वतःच सांगायच्या, तीही चालता चालता. आई दिवस भरत आलेले असताना वालूरहून माहेरी निघाली होती. पूर्णा स्टेशनावर गाडी बदलायची, ती चुकली, आणि कळा सुरू झाल्या. तेव्हा वेटिंग हॉलला मुसाफिरखाना म्हणत. तिथल्या बायकांनी लुगड्यांचा आडोसा केला आणि कुणा परक्या बाईनं बाळंतपण केलं, नाळ कापली. तिची भाषा आईला कळेना. तिनं पोरीला उचललं, हसली, काहीतरी बोलली. त्या बोलण्यातला एकच शब्द आईला उमगला, मुसाफिर. मग तिची गाडी आली आणि ती गेली. कुठली, कोणाची, कोण जाणे. आत्याबाई जन्मभर त्या बाईची भाषा शोधत होत्या. अडचण एवढीच, की जो भेटे तो म्हणे, आहे की आमच्यात हा शब्द.

आता माझ्याबद्दल. लग्न होऊन मी परभणीत आले तेव्हा मी मराठी घेऊन बी.ए. झालेली होते, आणि ती बी.ए. मी पदराला अत्तर लावावं तशी मिरवत होते. आत्याबाई पहिल्यांदा आल्या तेव्हा मी ठरवलं, सून काय असते ते हिला दाखवू. पाट मांडला, ताटाभोवती रांगोळी घातली, पुरणपोळीवर तुपाची धार धरली. त्या ताट उचलायला गेल्या तर मी हातातून ओढून घेतलं. त्या भाजी निवडायला आल्या तर म्हणाले, छे, तुम्ही कशाला, तुम्ही बसा. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या झरीच्या एसटीत बसून गेल्या. पुढल्या खेपेला मी आणखी जोर लावला, श्रीखंड केलं. त्या दुपारीच निघाल्या. मी शेजारणीला अभिमानानं सांगितलं, आमच्या आत्याबाईंना किती संकोच वाटतो बघा. इतकी अक्कल असलेली मुलगी बी.ए. कशी झाली, याचं मला आता नवल वाटतं.

त्यांची फेरी ठरलेली होती. वालूर, झरी, ताडकळस, मग आम्ही, मग पुन्हा वालूर. सगळीकडे भावांची, पुतण्यांची घरं. त्या लवकर विधवा झालेल्या, मूल नाही. तिसरी रात्र त्या कुठंच काढत नसत. "पाहुणी दोन दिस गोड, तिसऱ्या दिशी जड," म्हणायच्या आणि पिशवी उचलायच्या. त्यांना भीती कशाचीच नव्हती, ना कुत्र्याची, ना कंडक्टरची. आपण कुणाला जड झालो, ही एकच भीती होती.

शेजारी बेगमखाला राहायच्या. आत्याबाईंच्या नावाचा गुंता उकलायचं काम त्यांनी आनंदानं घेतलं. त्यांनी सांगितलं, हा शब्द अरबी, सफर करतो तो मुसाफिर. आमच्यात मुसाफिराला सूट असते, नमाज थोडक्यात करता येते, रोजा नंतर धरला तरी चालतो. झालं. त्या दिवसापासून आत्याबाईंनी एकादशीला खिचडीऐवजी सरळ भाकरी खायला सुरुवात केली. मी शिकलेली, म्हणून बोलले, आत्याबाई, तो नियम त्यांच्यातला आहे. त्या ठेचा वाढून घेत म्हणाल्या, "शब्द बी त्यांचाच हाय की. शब्द घ्यायचा आन् सूट न्हाई घ्यायची, आसं कसं?"

खालांनी आणखी एक सांगितलं. त्यांचे वडील म्हणायचे, या शब्दाच्या मुळाशी पडदा बाजूला होणं आहे. प्रवासात माणसाचं खरं तोंड दिसतं, म्हणून तो सफर. आत्याबाईंनी माझ्याकडं वरपासून खालपर्यंत पाहिलं. "हिचा पडदा कवा उघडायचा काय की," म्हणाल्या. मला वाटलं त्या माझ्या डोक्यावरच्या पदराबद्दल बोलतायत. मी तो आणखी पुढं ओढला.

एकदा एसटी स्टँडवरून त्या एका उंचच उंच पोराला चहाला घेऊन आल्या. कृषी कॉलेजात शिकायला आलेला, केनियाचा. माझी धांदल उडाली. पोहे करू की शिरा, इथूनच सुरुवात. तो बिचारा मोडक्या हिंदीत सांगत होता, आमच्याकडं प्रवाशाला म्साफिरी म्हणतात आणि प्रवासाला सफारी. आत्याबाईंचा पाय हलायचा थांबला. त्यांनी माझ्या नवऱ्याकडं पाहिलं. पाटबंधारे खात्यात कारकून, बारा महिने तेरा काळ अंगात सफारी. "म्हंजे सुधाकरा," त्या म्हणाल्या, "तू रोज प्रवास घालून हापिसात जायलास, आन् हापिसाच्या पल्याड कुटंच जात न्हाईस." आम्ही का हसतोय हे त्या पोराला सांगून कळलं की नाही, देव जाणे, पण तो चार कप चहा पिऊन गेला. नाळ कापणारी बाई त्याच्या मुलखाची नसावी, असा आत्याबाईंनी निकाल दिला. "येवढी उंच आसती तर आईनं सांगितलं आसतं."

मग वर्षं गेली. वालूरचा पुतण्या पोरांच्या शाळेसाठी संभाजीनगरला गेला. झरीच्या घराला कुलूप लागलं. ताडकळसला एसटीच्या पायरीवरून आत्याबाई पडल्या, गुडघा कायमचा दुखरा झाला, आणि वर्षभरात तिथली सून वारली, ते घरही मिटलं. फेरीतलं एकच घर उरलं, आमचं. पण तिसरा दिवस उजाडला की पिशवी खांद्याला लागायचीच. कुठं जाता, असं निघणाऱ्याला विचारू नये म्हणतात, म्हणून आम्ही विचारत नव्हतो. दुपारी सुधाकर जाऊन बघायचा तर त्या स्टँडवरच्या बाकावर टेकलेल्या, पाय हलवत, येणाऱ्या-जाणाऱ्याला आपलं नाव विचारत. तो त्यांना घेऊन यायचा. आल्या की मी ताट वाढायची, गरम पोळी पानात टाकायची, उठू द्यायची नाही. आणि पुन्हा मोजणी पहिल्या दिवसापासून सुरू.

माझा जीव टांगणीला. एवढं म्हातारं माणूस, उद्या रस्त्यावर काही झालं तर? मी सांगून पाहिलं, हे घर तुमचंच आहे. "हाव की," त्या म्हणायच्या आणि चपलेत पाय घालायच्या.

अशातच झरीच्या पुतण्याच्या मुलीचा, ऋतूचा फोन आला. ऋतू पुण्यात कंपनीत आहे, तिचं परदेशी लोकांशी बोलणं असतं, आणि आत्याआजीच्या नावाची चौकशी तिनंही वारशानं घेतलेली. उत्साहानं सांगायला लागली, आत्याआजी, तुर्कस्तानात तुझं नाव आहे, मिसाफिर. आणि तिथून पुढं रुमानियातही गेलंय. पण तिकडं अर्थ बदलला. तिकडं मुसाफिर म्हणजे पाहुणा.

आत्याबाईंनी फोन माझ्या हातात दिला. "म्हंजे माजं नावच पाहुणी," एवढंच बोलल्या. तो पहिलाच दिवस होता, तरी त्या पिशवी भरायला लागल्या.

मी धावत माझी बी.ए. घेऊन आले. म्हटलं, आत्याबाई, आपला पाहुणासुद्धा संस्कृतातल्या प्राघूर्णावरून आला असं म्हणतात, आणि त्याच्या मुळाशी हिंडणं, भटकणंच आहे. म्हणजे बघा, रस्त्यावरून पाहिलं की मुसाफिर, दारातून पाहिलं की पाहुणा, माणूस एकच. मला वाटलं काय सुंदर बोलले. त्या म्हणाल्या, "मग हिंडू दे की."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या उंबऱ्याशी उभ्यानं चहा पीत होत्या, खांद्याला पिशवी. मी खाली बसून त्यांच्या वाटेसाठी धपाटे थापत होते, हात पिठात, रात्रभर डोळ्याला डोळा नाही. शेगडीवर दूध चढलं. त्यांना ते दिसत होतं. पण पाहुणीनं परक्या चुलीला हात लावायचा नाही, आणि मीच तर त्यांना वीस-पंचवीस वर्षं शिकवलं होतं की तुम्ही बसा. दूध उतू गेलं, कट्ट्यावरून खाली धपाट्यांच्या पिठात आलं, आणि माझ्या तोंडातून निघालं, "आत्याबाई, नुसत्या दारात खांबासारख्या काय उभ्या राहिलात! गॅस बंद करायला काय धाड भरली?"

सुधाकरनं पेपर खाली केला. मी पिठाचा हात तोंडावर नेला. आत्याबाईंनी कप खाली ठेवला, आत आल्या, गॅस बंद केला. कोपऱ्यातलं फडकं घेतलं, कट्टा पुसायला लागल्या. पुसता पुसता पुटपुटत होत्या, "येवढुसं पातेलं आन् काठोकाठ दूध. शिकलेली म्हणं." मग त्यांनी पिशवी खुंटीला अडकवली, मेथीची जुडी पुढ्यात ओढली आणि फरशीवर भिंतीला पाठ लावून बसल्या. बसल्या. मी पहिल्यांदा पाहिलं.

दुपारी त्या सगळ्यांच्या आधी जेवल्या नाहीत. सुधाकरचं झाल्यावर स्वयंपाकघरात माझ्या शेजारी, परातीतली शेवटची भाकरी अर्धी अर्धी करून जेवल्या. मी भीत भीत विचारलं, आज एसटी नाही का? "तुज्या दुधाकडं कोन बघंल?" त्या म्हणाल्या.

त्यानंतर मी रोज आठवणीनं त्यांच्यावर ओरडायचे. लसूण जाड सोलला, नळ सुरू ठेवला, काहीही. त्या मला सव्याज परत करायच्या. आमचं भांडण ऐकून बेगमखाला भिंतीपलीकडून हसायच्या. आत्याबाई आमच्या घरी चांगल्या आठ-नऊ वर्षं राहिल्या आणि आमच्याच घरातून गेल्या. पिशवी खुंटीवरच होती. शेवटच्या दुखण्यात केरळची एक नर्स घरी यायची, तिलाही त्यांनी विचारलं, तुमच्यात माझं नाव हाय का. ती हो म्हणाली. सगळेच हो म्हणाले.

आता सुधाकरही नाही, आणि मी पुण्याला मुलाकडं असते. सूनबाई फार चांगली आहे. मला पहिली पोळी, गरम, फुगलेली. ताट उचलू देत नाही. भाजीला हात लावला की, "आई, तुम्ही बसा." मी बसते. म्हणजे टेकते. परवापासून माझा उजवा पाय हलायला लागलाय. खाली जाऊन मी वॉचमनला, लिफ्ट दुरुस्त करणाऱ्याला, भाजीवाल्याला आत्याबाईंचं नाव विचारून येते. वॉचमन नेपाळचा आहे. त्यांच्यातही आहे.

तिला सांगायचं कसं? इतक्या मायेनं करते, तिला वाटेल आपलंच काही चुकलं. म्हणून आज सकाळी मी गॅसपाशी जाऊन उभी राहिले, हात मागं बांधून. दूध वर आलं, काठाला लागलं, उतू गेलं. मी हलले नाही. सूनबाई धावत आली, गॅस बंद केला, माझ्याकडं पाहिलं. मी वाट बघत होते.

"असू द्या आई," ती म्हणाली, "मी पुसते. तुम्ही बसा."

आत्याबाईंची पिशवी पलंगाखाली आहे, अजून बाहेर काढलेली नाही. उद्या मोठं पातेलं ठेवते, काठोकाठ भरून.