जाईचं शून्य

मिनिट संपलं तेव्हा जाईने तोंडसुद्धा उघडलेलं नव्हतं. मोबाइल वाजला, स्क्रीनवर लाल चौकट आली आणि तिच्यात आकडा आला: शून्य.

हमरापूरजवळच्या एका गावातली शाळा. मार्चची दुपार. पंखा कुरकुरत होता, खिडकीबाहेर ऊन पसरलं होतं आणि खरं सांगायचं तर मला पेंग येत होती. जाई चौथीतली. गोष्टीचा कागद दोन्ही हातांत धरून त्याच्याकडे बघत होती. घाबरलेली नव्हती, रडवेलीही नव्हती. नुसती बघत होती.

"वाच गो," मी म्हटलं. तिने मान डोलावली आणि बघतच राहिली.

मी 'पुढे' दाबलं. अजून अकरा मुलं बाकी होती आणि मला परतीची गाडी गाठायची होती.

मी तालुक्याच्या शिक्षण खात्यात आहे. शाळाशाळांतून फिरायचं, मुलांचं वाचन तपासायचं, गुण ॲपमध्ये भरायचे, हे माझं काम. चाचणी साधी असते. गोष्ट छापलेला कागद मुलाच्या हातात द्यायचा, एक मिनिट वाचू द्यायचं, मोबाइलवर चुकलेल्या शब्दांवर बोट टेकवायचं. उरलेल्या शब्दांवरून ॲप स्तर ठरवतं. हिरवा म्हणजे अस्खलित, पिवळा म्हणजे मध्यम, लाल म्हणजे प्रारंभिक. 'प्रारंभिक' हा शब्द ऑफिसात सौम्य वाटतो. घरी पोचेपर्यंत त्याचा अर्थ 'पोरीला वाचता येत नाही' असा झालेला असतो. तोच शब्द प्रगतिपुस्तकावर छापून येतो. एकदा 'सबमिट' केलं की रेकॉर्ड लॉक होतं. मग मीसुद्धा त्याला हात लावू शकत नाही.

त्या दिवशी मी सबमिट केलं आणि गाडीत छान झोपले. रोह्यापर्यंत.

कुणाला शून्य मिळालं की ॲप आणखी एक फॉर्म उघडतं. पालक भेट. तो छापून घेऊन घरी जायचं, कारण लिहायचं, सही घ्यायची. दुसऱ्या दिवशी मी जाईच्या घरी गेले. घर म्हणजे पुढे मूर्तींचा कारखाना आणि मागे दोन खोल्या. मी हाक मारणार, तेवढ्यात जाईच दारात आली आणि तिने ओठांवर बोट ठेवलं. मी पायताण काढून गुपचूप उभी राहिले. शाळेत मी मुलांना गप्प करते. इथे मलाच गप्प केलं होतं.

आत तिची आई, मंगल, आखणी करत होती. आखणी म्हणजे मूर्तीचे डोळे रंगवणं. परदेशी जाणाऱ्या मूर्ती इथे लवकर रंगतात, त्यामुळे मार्चमध्येच फळ्यांवर गणपती ओळीने बसले होते. अंग रंगलेलं, दागिने झालेले, डोळ्यांच्या जागी मात्र कोरं पांढरं. मंगलच्या हातात बारीक ब्रश होता. ती समोरच्या चेहऱ्याकडे बघत बसली होती. बघतच बसली होती. पत्र्यावरून खार पळाली, दूर कुठे मिक्सर चालला, पुन्हा शांत झालं. कोऱ्या चेहऱ्यांच्या त्या रांगेत उभं राहून मला आपण झोपेत आहोत असं वाटायला लागलं. किती वेळ गेला कोण जाणे. मग तिने श्वास रोखला आणि हात चालवला. एक रेघ, दुसरी, टिंब. दोन्ही डोळे झाले. मूर्ती माझ्याकडे बघायला लागली.

"बसा बाई," मंगल म्हणाली. "राग मानू नका हां. आखणी चालू असली का आमच्यात कोन बोलत नाय."

"एवढा वेळ नुसतं बघत होतात?"

"लगेच ब्रश टेकवला तं डोला फिसकटतो. आधी आख्खा तोंड बघायचा. मनात दिसला का मंग हात न्यायचा. जाई पन तशीच करते. दोन वर्षांची व्हती तवापासून माज्या बाजूला बसते."

माझ्या हातातला फॉर्म एकाएकी जड झाला. पण कामासाठी आले होते, म्हणून सांगितलं.

"शून्य? म्हंजे कायच नाय?" मंगलने ब्रश पाण्यात ठेवला. "बाई, इथं शाळा चौथीपर्यंतच हाय. पाचवीला पेणला घालायची म्हनून मी मागं लागलेय. तिचा बापूस बोलतो, वाचता येत असंल तं धाडू. नाय तं रोजचा एसटीचा खटाटोप कशाला, हात चांगला हाय, इथंच बसू दे. निकालाचा कागद बघून ठरवू बोललाय."

जाई दाराशी उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं.

मी पिशवीतून गोष्टीचा कागद काढला आणि तिला दिला. या वेळी 'वाच गो' म्हटलं नाही. ती बघत राहिली. नजर वरून खाली गेली, पुन्हा वर आली. मी फळीवरच्या मूर्ती मोजल्या. मग तिने श्वास घेतला आणि सुरुवात केली. मोठा आवाज नाही, घाई नाही, कुठे अडखळणं नाही. शेवटच्या ओळीपर्यंत गोष्ट वाचली आणि कागद घडी करून परत दिला.

मला लाज वाटली. इतकी, की मंगल चहा घ्या म्हणाली तरी थांबवेना.

"सही?" मंगलने विचारलं.

"राहू दे. आधी माझं बघते," मी म्हटलं.

हमरापूर स्टेशनच्या बाकावर बसून मी मोबाइलमध्ये मूल्यमापनाची सूचनापुस्तिका उघडली. ट्रेनिंगनंतर पहिल्यांदाच. तिसऱ्या पानावर सरळ लिहिलं होतं: विद्यार्थ्याने पहिला शब्द उच्चारताच टायमर सुरू करावा. मी कागद हातात देतानाच टायमर दाबायची. पहिल्या वर्षी घाईत दाबला असेन, मग बोटाला तीच सवय लागली. कुणी विचारलं नाही आणि मीही कधी वाचून बघितलं नाही.

पेणच्या ऑफिसात साळवी साहेब लॉक सांभाळतात.

"मॅडम, लॉक म्हणजे लॉक. शेऱ्याच्या रकान्यात लिहा ना."

"शेरा प्रगतिपुस्तकावर छापून येत नाही साहेब."

"मग अनलॉकचा अर्ज करा. कारण निवडा." त्यांनी स्क्रीन माझ्याकडे वळवली. नेटवर्क नव्हते. मोबाइल बंद पडला. विद्यार्थी आजारी. इतर. "नेटवर्क टाका. सगळे तेच टाकतात."

मी 'इतर' निवडलं आणि लिहिलं: तपासनीसाने टायमर चुकीच्या वेळी सुरू केला.

साळवी साहेबांनी चष्मा काढला. "हे वर जातं हो. तुमच्या फाइलला लागेल. एका मुलीसाठी?"

"तिचं शून्य नाहीये ते साहेब. माझं आहे."

त्यांनी चष्मा पुसून पुन्हा डोळ्यांवर चढवला. मग म्हणाले, "गुरुवारी उघडून देतो. पाच वाजेपर्यंत. त्यानंतर माझ्याही हातात नाही."

गुरुवारी काय व्हावं? रोह्याहून निघाले, पेण गेलेलं आठवतंय, पुढे खिडकीतून वारा लागला आणि डोळे मिटले. उघडले तेव्हा समोर पाटी होती: जिते. हमरापूर मागे राहिलं होतं. परतीच्या गाडीला दीड तास. बाहेर एकच रिक्षा, आणि रिक्षावाला मागच्या सीटवर माझ्यासारखाच झोपलेला. त्याला हलवून उठवलं. शाळेत पोचले तेव्हा साडेचार वाजून गेले होते आणि मुलं दप्तरं भरत होती.

जाईला दुसरा कागद दिला, नवीन गोष्टीचा. अंगठा टायमरवर होता, पण टेकवला नाही. ती बघत होती. बाहेर घंटा झाली, वर्ग रिकामा झाला, पंखा कुरकुरत राहिला. एरवी मी दहादा घड्याळ बघितलं असतं. त्या दिवशी तिच्याबरोबर थांबायला बरं वाटत होतं. मग तिने पहिला शब्द उच्चारला आणि मी अंगठा टेकवला.

हिरवं.

सबमिट केलं तेव्हा पाचाला दहा मिनिटं होती. माझ्या फाइलला लेखी समज लागली, ती अजून आहे. जूनमध्ये जाईचं नाव पेणच्या शाळेत लागलं. तिचे वडील स्वतः दाखला घेऊन गेले, असं मंगलने फोनवर सांगितलं.

नंतर एकदा मी साळवी साहेबांकडून मागच्या दहा वर्षांच्या याद्या मागून घेतल्या. त्या फक्त बघता येतात, उघडता येत नाहीत. मी तपासलेल्या शाळा, मुलांची नावं, मधूनमधून लाल चौकटी. काही मुलांना खरंच वाचता येत नसेल. काही नुसती बघत असतील. कोण कुठलं, ते आता कळायला मार्ग नाही. त्यांतली काही मुलं आता कारखान्यांत कामाला आहेत, काहींची लग्नं झालीत.

नव्या लोकांना मीच ट्रेनिंग देते. तिसरं पान मोठ्याने वाचून घेते. मग ती यादी पडद्यावर लावते आणि सांगते, यातल्या लाल चौकटी मुलांच्या नावावर आहेत. दाबणारं बोट माझं होतं, ते यात कुठेच लिहिलेलं नाही.