नाशिकचा बुधवार बाजार आणि न सापडलेला कचरा

लोक ब्लॉगवर लडाख लिहितात, केरळ लिहितात. मी नाशिकच्या भाजीबाजारातल्या कचऱ्याबद्दल लिहिणार आहे. हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, नंतर मला मध्ये मध्ये थांबायला लावू नका.

गोष्ट ऐंशी सालच्या आगेमागेची. मी तेव्हा बागलाणातल्या एका लहान नगरपालिकेत सॅनिटरी इन्स्पेक्टर होतो. गावाचं नाव सांगत नाही, का ते पुढं कळेलच. आमचा शनिवारचा बाजार गावाच्या मधोमध, एका मोठ्या निंबाखाली भरायचा. दोनेक वर्षांपासून तिथं अशी घाण व्हायला लागली होती की रविवारी नाक दाबल्याशिवाय जाता येत नव्हतं. सडलेला पाला, माशा, आणि तोंडापर्यंत भरून बाहेर सांडणाऱ्या सिमेंटच्या कचराकुंड्या. शेवटी मुख्याधिकारी साहेबांनी सांगून टाकलं, महिन्याभरात सुधारणा दिसली नाही तर बाजार खडीच्या खाणीपलीकडं हलवायचा. म्हणजे गावापासून दोन मैल.

माझी मोठी बहीण, आक्का, त्याच निंबाखाली भाजी विकायची. मेहुणे गेल्यावर त्या एका जागेवर बसून तिनं दोन मुली वाढवल्या. गुडघा अधू. डोक्यावर पाटी घेऊन दोन मैल जाणं तिला शक्यच नव्हतं. आमच्याकडं घरात अहिराणी बोलतात. बातमी सांगितली तेव्हा ती भेंडी निवडत होती. वर न बघता म्हणाली, "मी आठेच बससू." इथेच बसेन. बाजार नसलेल्या जागी ती एकटी काय विकणार होती, हे विचारायची माझी हिंमत झाली नाही.

साहेब म्हणाले, "नाशिकला जा. एवढा मोठा बुधवारचा बाजार भरतो, आणि गुरुवारी सकाळी नदीचा घाट साफ असतो म्हणे. त्यांची योजना काय आहे ते बघून या. कुंड्या किती, गाड्या किती, माणसं किती. नकाशा काढून आणा."

तर मंगळवारी सकाळच्या एसटीनं निघालो. मालेगावला गाडी बदलायची. तिथून आग्रा रोड, म्हणजे ट्रकच्या मागं ट्रक. चांदवडच्या घाटात आमची गाडी एका कांद्याच्या ट्रकमागं अशी अडकली की पुढच्या बाकावरचे आजोबा उतरून चालायला लागतील की काय असं वाटलं. तिकीट दहा-अकरा रुपये पडलं असेल. खिडकीची जागा धरा, पण डावीकडची नको, ऊन येतं. सीबीएस स्टँडला उतरून टांगा केला, रविवार कारंज्यावरून पूल ओलांडून पंचवटीत. धर्मशाळेत खोली मिळाली. खोली म्हणजे चार भिंती आणि एक खुंटी. खुंटीला पिशवी अडकवली नि पाय धुऊन झोपलो.

बुधवारी उजाडताच गंगेवर गेलो. नाशिकचा माणूस गोदावरीला गंगाच म्हणतो. दुतोंड्या मारुतीच्या पुढं, घाटाच्या फरशीवर, बाजार अजून मांडायचा होता. पण दहा-बारा बायका केरसुण्या घेऊन जागा झाडत होत्या, बादलीनं पाणी शिंपडत होत्या. मी खूश. वही काढली आणि लिहिलं, "महिला सफाई कामगार, पहाटेची पाळी, अंदाजे बारा."

मग मुकादम शोधला. बाबूराव नाव, सफाईच्या माणसांवर देखरेख करणारा, अंगानं उभा नि आडवा सारखाच. चहा पाजला तेव्हा बोलायला लागला.

"कुंड्या किती?" मी विचारलं.

"दोन."

"इतक्या मोठ्या बाजाराला दोनच?"

"एक जास्तीची हाय. तिच्यात काय पडत नाय फारसं."

"आणि गाड्या?"

"एक हातगाडी. चार माणसं."

"शिवाय त्या बारा बायका."

"कोणत्या बायका?" बाबूरावनं बशीतला चहा खाली ठेवला. मी हात दाखवला. त्यानं पाहिलं आणि म्हणाला, "त्या आमच्या नायत."

"मग कोणाच्या?"

"त्या त्यांच्याच."

मी वहीतलं खोडलं. आमच्या चिमूटभर बाजाराला तीन कुंड्या होत्या आणि तरी पाय ठेवायला जागा नव्हती. इथं बैलगाड्या, टेम्पो, हातगाड्या, कोबी-फ्लॉवरचे डोंगर, आणि दोन कुंड्या! माणूस माझी फिरकी घेतोय असं मला खरंच वाटलं. त्याला राग येऊ नये म्हणून मी आणखी एक चहा सांगितला आणि दुसरा मुकादम कुठं भेटेल का ते हळूच दुकानदाराला विचारलं. दुसरा नव्हता.

दहाच्या सुमाराला मिसळ खाल्ली. तिखट इतकी की पाव मागून मागून खाल्ला. नाशकात मिसळ खायची तर रस्सा दुसऱ्यांदा घेऊ नका, निदान कामावर असाल तर. मग दिवसभर ऊन डोक्यावर घेऊन बाजारात फिरलो आणि कचऱ्याच्या मागावर राहिलो. माझा बेत सोपा होता. एक पान पडलं की ते कुठं जातं ते बघायचं. पण पान पडायचंच नाही! भाजीवाल्या फ्लॉवरचा पाला मोडायच्या आणि मागं टाकायच्या. मेथीच्या काड्या, मटाराची टरफलं, आणखी वेगळीकडं. नासकी फळं फुटक्या डालग्यात. मी नकाशावर ढिगांच्या खुणा केल्या, मग ढीग हलले, मग खुणा खोडल्या. चारच्या सुमाराला माझा नकाशा पोरांनी रेघोट्या मारलेल्या पाटीसारखा झाला होता. डोकं भंजाळलं.

तेवढ्यात, अगदी वाटेत, फ्लॉवरच्या पाल्याचा भलाथोरला ढीग दिसला. त्यावर एक वेताची पाटी पालथी घातलेली. आसपास कोणी नाही. लोक त्याला वळसा घालून जात होते. म्हटलं, सापडली यांची चूक. दहा वर्षांची इन्स्पेक्टरकी अंगात होती, ती उसळून आली. दोन हमालांना चहापाण्याचं कबूल केलं, पाटी बाजूला सारली आणि ढीग उचलून त्या "जास्तीच्या" कुंडीत घातला. वर उभं राहून दाबून घेतला सुद्धा. मग वहीत लिहिलं, "वाटेवरील ढिगांकडे दुर्लक्ष. सुधारणेस वाव."

वही मिटत होतो तोच मागून बाईचा आवाज आला. "माझा पाला कुठंय?"

पन्नाशीची बाई, नऊवारीचा काचा मारलेला, हातात दोर. सकाळी जागा झाडणाऱ्यांतलीच एक. मी अभिमानानं कुंडी दाखवली. तिनं आत वाकून पाहिलं, बराच वेळ पाहिलं. मग दोन बोटांनी पाल्यातून सोडावॉटरच्या फुटलेल्या बाटलीचा तुकडा काढून माझ्यासमोर धरला.

"हे म्हशीच्या पोटात गेलं तर तुम्ही येणार का काढाया?"

मी म्हटलं, "बाई, तो कचरा होता."

"पाटी पालथी होती नं?"

"होती. त्याचं काय?"

तिनं माझ्याकडं असं पाहिलं की मी शुद्धीवर आहे ना याची तिला शंका आली असावी. बाबूराव धावत आला. तिचं नाव हौसाबाई, मखमलाबाद रोडला गोठा, तीन म्हशी. बाबूराव माझी बाजू सावरत होता, "पाहुणे हायत, सायब हायत," आणि तो जितकं सावरत होता तितका मी जमिनीत जात होतो. हौसाबाई ओरडली नाही, शिवी दिली नाही. तिनं पाटी उचलली आणि माझ्या हातात दिली.

"चला. आता मागा फिरून."

आणि मी मागायला लागलो, इस्त्रीच्या पँटमध्ये. एकेका भाजीवालीपुढं उभं राहून, "थोडा पाला द्या." पहिलीनं विचारलं, "कोणासाठी?" मी म्हटलं, "हौसाबाईंसाठी." ती म्हणाली, "माझा पाला हौसाचा नाय, इंदूचा हे. पुढं बघा." दुसरीनंही नाही म्हटलं. तिसरीकडं शेवटी मिळाला. तिथं मला हळूहळू उमजायला लागलं, म्हणजे अर्धं उमजलं आणि अर्धं आणखी गोंधळलं.

जी बाई पहाटे तुमची जागा झाडून शिंपून देते, तुमचा पाला तिचा. काड्या-टरफलं शेळ्यावालीची. नासकं फळ माळ्याच्या खताच्या खड्ड्यात. पालथी पाटी म्हणजे हे ठरलेलं आहे, हात लावू नका. सगळं गेल्यावर उरतं ते काच, कागद, सुतळी, आणि तेवढंच बाबूरावच्या हातगाडीत जातं. जागा बाईला स्वच्छच ठेवावी लागते, कारण मातीत लोळलेला पाला म्हैस खात नाही.

"हे कोणी ठरवलं?" मी विचारलं.

"ठरवायचं काय त्यात?" बाबूराव म्हणाला.

"कुठं लिहिलंय का?"

"नाय. आणि लिहू पण नका. लिहिलं की कोणीतरी सायब येऊन ढीग उचलंल." हे बोलून त्यानं जीभ चावली.

पाच पाट्या भरल्या तेव्हा हौसाबाईनं मला थांबवलं. म्हणाली, "बास. दोघींचं भागंल. तिसरी आज कडबा खाईल." मी माफी मागितली. तिनं दोर आवळला आणि म्हणाली, "तुमच्या गावाला म्हशी नसतात का?"

मी म्हटलं, "असतात की." आणि पाटी परत दिली, पण तो प्रश्न काही डोक्यातून जाईना.

गुरुवारी सकाळी घाट पाहिला. साफ. एक म्हातारा फरशीवर बसून सावकाश सुतळ्या गोळा करत होता, बस्स. परतीच्या गाडीत मी अहवाल लिहायला घेतला. "कुंड्या दोन, गाडी एक, माणसं चार." पुढं काय लिहायचं? योजना नाही असं लिहावं तर घाट साफ. आहे म्हणावं तर कुठं आहे? मालेगाव आलं, पान कोरंच.

घरी आक्कानं भाकरी वाढली आणि विचारलं, "तुले नाशिकमा काय दिखनं?" मी सगळं सांगितलं, पालथ्या पाटीसकट. ती हसली नाही. ताटातली चटणी माझ्याकडं सरकवली.

"आपली मथुराबाई तेच तर करे," ती म्हणाली.

मथुराबाई आमच्या बाजाराच्या टोकाला राहायची. सात शेळ्या. शनिवारी संध्याकाळी ती नि तिच्या गल्लीतल्या बाया शेळ्या घेऊन यायच्या, पाला न्यायच्या, निंबाखालची जागा झाडून जायच्या. मला ते आठवत होतं, आणि आठवतंय हे मला आठवायला नको होतं. कारण दोन वर्षांपूर्वी "बाजार आधुनिक करा" असं वरून आलं, तेव्हा मीच तीन कुंड्या बांधून घेतल्या आणि निंबाला फळा ठोकला. "बाजारात जनावरांस मनाई आहे." अक्षरं माझी, रंग माझा. पहिल्याच शनिवारी मथुराबाईच्या शेळ्या मी काठीनं हाकलल्या होत्या, त्यानंतर त्या बायाही यायच्या थांबल्या. त्या कामाबद्दल मला सत्काराचा नारळ मिळाला होता, आक्कानंच तो फोडला होता.

"तू मला तेव्हा बोलली का नाहीस?"

"तू सायब व्हता," ती म्हणाली.

मला रडूच आलं, खोटं कशाला सांगू. दोन वर्षं मी त्या घाणीवर औषध मारत फिरत होतो, आणि घाण माझीच होती.

अहवाल पाऊण पानाचा झाला. घाणीचं कारण सदर निरीक्षकानं लावलेला फळा, असं सरळ लिहिलं आणि खाली सही केली. साहेबांनी वाचला, दोनदा वाचला, समासात लाल शाईनं लिहिलं, "योजना कुठे आहे?" आणि म्हणाले, "या शनिवारी मी स्वतः येतो. संध्याकाळी. मग ठरवू."

मथुराबाईकडं गेलो. तिनं दारातच ठेवलं. सातातल्या दोनच शेळ्या उरल्या होत्या, पाल्यावाचून बाकीच्या विकाव्या लागल्या. मी फळा काढतो म्हटलं. ती शेळ्यांना पाणी दाखवायला वळली.

शनिवारी सकाळी फळा काढला. दुपार झाली, चार वाजले, पाला साचायला लागला. साडेचारला मथुराबाई आली, मागं चार बाया, पाट्या घेऊन. आणि निंबाच्या अलीकडं, फळा असायचा तिथं, थांबली. फळा नव्हता, तरी थांबली. सगळा बाजार बघत होता. आक्का पण बघत होती. मला कळलं, आणि या सबंध प्रवासात मला स्वच्छ कळलेली ही एकच गोष्ट. मी गेलो, हात जोडले, सगळ्यांदेखत म्हटलं, "बाई, माझं चुकलं. आत या."

ती म्हणाली, "पाटी कोठे पालथी घालू?"

साहेब सहाला आले. बाजारभर फिरले. तिन्ही कुंड्यांत वाकून पाहिलं, थोडे कागद, थोडी काच. रुमाल नाकाशी धरला होता, तो खिशात ठेवला. मग अगदी बुचकळ्यात पडून मला विचारलं, "अहो, तुम्ही कचरा टाकता कुठं?"

बाजार हलला नाही. मला पुढं कधी बढती मिळाली नाही, ती त्या पाऊण पानामुळं की काय, कोण जाणे. नाशिकला नंतर बऱ्याचदा गेलो. आता जाल तर घाटावर प्लास्टिक दिसेल, ते कुठलीच म्हैस खात नाही, आणि त्याचं काय करायचं हे मलाही सांगता येणार नाही. मिसळ मात्र खा.

फळा मी जाळणार होतो. आक्कानं मागून घेतला. पुढं तिचा गुडघा पार थकेपर्यंत, दर शनिवारी, ती निंबाखाली त्याच फळ्यावर भेंडीचे वाटे लावायची. मी म्हणायचो, आक्का, निदान अक्षरं खाली कर. तिनं कधी केली नाहीत.