फौजदाराचे दुधाचे दात

लोक त्यांना कवळीकाका म्हणत. बोळक्या तोंडांसाठी कवळ्या करणं हा त्यांचा तीस वर्षांचा धंदा. दातांचे डॉक्टर पेशंटच्या जबड्याचा ठसा पाठवून देत. काका त्यात प्लास्टर ओतून साचा काढत आणि मेणात एकेक दात बसवत. ज्याच्यासाठी हे सगळं चाले तो माणूस त्यांना कधी दिसायचा नाही. रस्त्यात कुणी अनोळखी म्हातारा हसला की काका चेहरा सोडून त्याचे दातच न्याहाळत आणि "वरचे माझेच दिसतात," असं पुटपुटत पुढे जात.

स्वभाव मवाळ. लग्नाच्या भानगडीत पडले नाहीत. पुढच्या खोलीत त्यांचं कामाचं टेबल आणि मागच्या दोन खोल्यांत ते आणि थोरली बहीण. ताई टेलिफोन खात्यातून निवृत्त झाली होती. आवाज अजून खणखणीत, आणि घरात शब्द तिचाच चाले.

एका सकाळी प्लास्टरच्या रिकाम्या पोत्यातून चिंचिं आवाज आला. काकांनी पोतं उलटं केलं तर पिठात लोळवल्यासारखं मांजराचं पांढरंफटक पिल्लू बाहेर पडलं. पुसल्यावर ते करड्या पट्ट्यांचं निघालं. फार तर पाच आठवड्यांचं असेल. त्याच्या आईचा कुठे पत्ता नव्हता.

"ठेवायचं तर ठेव," ताई म्हणाली, "पण त्याचं सगळं तूच करायचं. मी त्यात नाही."

काकांनी केलं. ड्रॉपरने भरवलं, जुन्या स्वेटरचं अंथरूण केलं, आणि टेबलावर बोटं नाचवून त्याला खेळवायलाही शिकवलं. ते चिमुकलं पोर बोटांवर झेप घ्यायचं, चार पायांनी मिठी मारून इवलेसे दात लावायचं. गुदगुल्या व्हायच्या. तीस वर्षं निर्जीव दातांशी खेळलेला माणूस खदाखदा हसायचा. पिल्लाच्या ऐटबाज चालीवरून ताईने नाव ठेवलं, फौजदार.

अडीच महिन्यांत फौजदाराने घर ताब्यात घेतलं. दाराआड दबा धरून बसायचा आणि काका स्वयंपाकघरात निघाले की घोट्यावर तुटून पडायचा. काका ओरडून पाय ओढून घ्यायचे, तसा त्याला आणखी चेव चढायचा. हातांवर ओरखडे, बोटांना भोकं. ठसे घेऊन आलेले एक दातांचे डॉक्टर म्हणाले, "अहो, तुमची कवळी तुम्हालाच चावली की काय?"

काकांनी दटावून पाहिलं. नाकावर टिचकी मारली. कुणी सांगितलं म्हणून पाण्याचा फवारा मारला. फौजदार कान पाडून पलंगाखाली गेला आणि तासाभराने बाहेर येऊन दुप्पट जोराने चावला. शेजारीण म्हणाली, "लाडावलंय." डॉक्टर म्हणाले, "धाक हवा." प्लास्टर आणणारा म्हणाला, "उपाशी असेल." काकांना कशाचाच ताळमेळ लागेना. दुपारी हेच जनावर त्यांच्या मांडीवर घुर्रघुर्र करत झोपायचं, आणि पाठीवरून हात फिरवता फिरवता अचानक वळून मनगट धरायचं.

"ताई, याचा माझ्यावर जीव आहे की राग?"

"मला कधी चावला नाही बुवा. तुझंच काहीतरी चुकत असणार."

हे मात्र खरं होतं. ताईला तो चावत नव्हता. त्यानेच काकांचं डोकं जास्त चक्रावलं.

मग एक दिवस झाडताना केराच्या सुपलीत तांदळाच्या कणीएवढं काहीतरी चमकलं. काकांनी भिंग लावलं. दात! दुधाचा दात! त्यांना वाटलं, सापडली किल्ली. पोराचे दात पडताहेत, हिरड्या शिवशिवताहेत, चावणार नाही तर काय करील? त्यांनी कामधाम सोडून मऊ रबराची एक सुबक कडी तयार केली आणि फौजदारापुढे धरली. फौजदाराने कडी हुंगली, बाजूला सारली आणि काकांचा अंगठा धरला.

या वेळी दात खोल गेले. संध्याकाळपर्यंत अंगठा सुजून टम्म झाला. दवाखान्यात जखम साबणाने धुऊन इंजेक्शन दिलं. चार दिवस मेणाला हात लावता आला नाही. "देऊन टाकतो कुणाला तरी," काका म्हणाले. आश्चर्य म्हणजे अडवलं ते ताईनेच. "आधी जनावरांच्या डॉक्टरकडे तर ने!"

डॉक्टरीणबाईंनी फौजदाराला तपासलं, तोंड उघडून पाहिलं. मग काकांकडे वळून विचारलं, "लहानपणी कशाने खेळायचा हा?"

काकांनी बोटं नाचवून दाखवली.

"हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच," बाई हसल्या. "तुमचा हात म्हणजे शिकार, हे तुम्हीच शिकवलंत त्याला. दात येताहेत हेही खरं, पण ते अर्धंच. भावंडांत वाढला असता तर जोरात चावल्यावर त्यांनीच खेळ थांबवला असता. याला ते कुणी शिकवलंच नाही."

"म्हणजे रागावलेला नाही?"

"शिकार खेळतोय. हातापायांनी खेळणं आजपासून बंद. काठीला दोरी, दोरीला चिंधी. दमेपर्यंत पळवा, मग लगेच खायला द्या. चावलाच तर हात ओढू नका, स्तब्ध व्हा. त्याने सोडलं की उठून निघून जा. मारायचं नाही, पाणी नाही. आणि कुरवाळताना शेपटीवर लक्ष ठेवा, आपटायला लागली की हात काढा."

काकांनी सगळं पाळलं. सकाळ-संध्याकाळ खोलीभर चिंधी नाचवली. घोट्याला दात लागले की मधेच दगडासारखे उभे राहिले. ताई पोट धरून हसायची. आठवडाभरात फरक पडला. दुसऱ्या आठवड्यात सोमवारी शहाणा, मंगळवारी राक्षस! सकाळी चिंधीमागे पळणारा फौजदार दुपारनंतर पुन्हा बोटांवर झडप घालायचा. काका वहीत वेळा लिहू लागले. वही भरली, उलगडा होईना.

एकदा कवळ्या पोचवायला गेलेले काका विसरलेली पिशवी न्यायला परत आले. आतून खिदळण्याचा आवाज आला. डोकावून पाहतात तर ताई पलंगावर आडवी, अंगावर जाड चादर, चादरीखाली पायाची बोटं वळवळताहेत आणि फौजदार त्यांवर उड्या घेतोय.

"ताई!"

ताई दचकली. "अरे... चादर जाड आहे. मला लागत नाही काही."

"तुला लागत नाही म्हणून मला चावतो तो! मी सकाळी शिकवायचं आणि तू दुपारी पुसायचं?"

जन्मात पहिल्यांदा काकांनी ताईवर आवाज चढवला होता. ताईने पाय पोटाशी घेतले. "तुझ्याशीच खेळतो सारखा," ती हळूच म्हणाली. "मलाही वाटलं, थोडं..."

काका बाहेर गेले, काठी आणली आणि तिच्या हातात दिली. "दुपारची पाळी तुझी."

ताईची पाळी तेव्हापासून चुकली नाही. महिन्याभरात ओरखडे सुकले, आठवड्यातून एखादा दात लागला तर लागला. पण काकांना चैन कुठलं? हे आपल्या शिकवण्याचं फळ की वयाचं, पक्के दात आले म्हणून की ताईमुळे, ते विचार करत राहात. डॉक्टरीणबाईंना विचारलं तर म्हणाल्या, "सगळ्यामुळेच थोडंथोडं."

एका दुपारी फौजदार धावत आला. काका सवयीने खांबासारखे ताठ झाले. तो त्यांच्या पायाला डोकं घासून सरळ निघून गेला.

"ताई, आता चावत नाही, म्हणजे कंटाळला असेल का मला?"

"चावला तरी तुला कोडं, नाही चावला तरी कोडं," ताई म्हणाली. "बाजूला सरक. पाळी माझी आहे."